तीनच नाणी

दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. आमचा बिराप्पा मेंढरं राखता राखता नाण्यांची जादू शिकला होता. आदल्या साली सोनारीच्या जत्रेत त्यानं आठ नाण्यांचा खेळ केला. त्यातलं एक गायब केलं, पर कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. लोक हसत उठून गेले. पंचांनी बजावलं, आणखी एकदा फजिती झाली तर पुन्हा उभं राहू देणार न्हाय.

तरी हा म्हणतो, "आये, औंदा बारा घेतो."

"घे की, शहाण्या! शंभर मेंढरांतलं एक गेलं, तर मोजल्याबगर तुला तरी कळतंय व्हय? अन् तिनातलं गेलं तर?"

"बघता क्षणी कळंल."

"मग तीनच घे."

जत्रेत त्यानं तळहातावर तीन नाणी मांडली. मूठ मिटून उघडली, तर दोनच!

"आरं, एक गेलं कुठं?" सारी माणसं एकदम ओरडली.

पुन्हा मूठ मिटली, एकच उरलं. शेवटाला हात रिकामा, तशी माणसं उठून नाचायलाच लागली.

पंच म्हणाले, "बिराप्पा, आणखी एकदा कर!"

म्या पुढं होऊन म्हटलं, "करंल की. पर आधी तुम्ही खाली बसा, मागच्यांना माझ्या लेकाचा हात दिसंना झालाय."