विरळ हवेतली तिथी

भटजींनी तिथी विचारली आणि आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. देह नाही तर नाही, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देऊ, शास्त्रात सोय आहे, म्हणाले. पण गेले कोणत्या तिथीला ते तर सांगा! दरवर्षी श्राद्धाला लागेलच की.

मी काय सांगणार, कपाळ माझं! मुलुंडच्या पाठीमागे एवढे डोंगर पडलेत. रविवारी चढा आणि संध्याकाळी जेवायला घरी या. पण नाही. आमच्या ह्यांनी ऑफिसातून रजा काढली, कुणाचे तरी उसने बूट घातले आणि गढवालात बर्फाचं शिखर चढायला निघाले. जोडीला मित्र विद्याधर. गेले दोघं, परत आला एकटा विद्याधर. "नंदू वर राहिला," एवढंच म्हणाला. वर राहिला म्हणजे काय? इस्पितळातून सुटून आल्यावरही तेच.

आळीतल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवेनात, आणि कपाळावरचं कुंकू तर तसंच. ना धड इकडची ना धड तिकडची. सासूबाई रोज सकाळी ह्यांच्या वाटणीचा भात रांधायच्या आणि दुपारी गुपचूप गाईला घालायच्या. ते मला बघवेना. एक दिवस दुपारी तशीच उठले आणि घाटकोपरला विद्याधरच्या बिऱ्हाडी जाऊन थडकले.

त्याच्या बायकोनं, माणिकनं, दार उघडलं. विद्याधर खिडकीच्या गजांना नाक लावून बसला होता. घरातली एकूण एक खिडकी सताड उघडी. त्याच्या बोटांची टोकं बर्फानं काळी पडून कापावी लागली होती, त्यामुळे कप दोन तळव्यांत धरून तो चहा पीत होता.

"भावोजी, मला तिथी हवीय."

"वहिनी, मला खरंच ठाऊक नाही."

"ठाऊक नाही? तिथे तुम्ही होतात ना? का मी होते?"

माणिक आत गेली. विद्याधरनं कप खाली ठेवला.

"तिथे हवा असते, पण पुरत नाही, वहिनी. बुटाची नाडी बांधायची तरी मध्ये थांबून धापा टाकायच्या. भूक मरते. झोप लागली की श्वास थांबतो आणि माणूस बुडाल्यासारखा दचकून उठतो. शेवटच्या तंबूत नंदूच्या छातीत पाणी झालं. श्वास घेतला की आत गुडगुडायचं. ओठ जांभळे, खोकल्यातून गुलाबी फेस. असं झालं की माणसाला ताबडतोब खाली आणायचं. दुसरं औषध नाही."

"मग आणलं का नाहीत?" मी ओरडलेच.

"त्याला उठता येईना, आणि मला एकट्याला तो उचलेना. म्हटलं, खाली जाऊ, हमाल घेऊन परत वर येऊ. निघालो. थोडा उतरलो, तर मागे नंदू! दोराला बांधलेला, बोलत बोलत येतोय. मुलुंडची मिठागरं, तुमच्या आमटीत गूळ जास्त पडतो ते, सगळं काढलंन त्यानं. मला वाटलं, झकास, उठला की हा! खालच्या तंबूपर्यंत आलो. तिथे कुणी नव्हतं, हमाल आणखी खाली. मी स्टोव्ह पेटवला, दोघांचा चहा केला, त्याचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि झोपलो. तो बरोबर आलाय म्हटल्यावर परत वर कशाला जायचं, वहिनी?"

भर दुपारी त्या उघड्या खिडकीकडे बघायची मला भीती वाटली.

"सकाळी बघतो तर त्याचा कप तसाच भरलेला. चहाचा बर्फ झालेला. दोराच्या टोकाला नुसती गाठ. बाहेर वादळ सुटलं होतं. ते थांबेपर्यंत वर कुणालाच जाता आलं नाही, आणि नंतर तंबूची जागासुद्धा सापडली नाही. डॉक्टर म्हणतात, मेंदूला प्राणवायू कमी पडला की नसलेली माणसं दिसतात. पुष्कळांना दिसतात म्हणे."

"ते राहू द्या. तुम्ही तंबूतून निघालात तेव्हा हे जिवंत होते?"

त्यानं खाली ठेवलेला कप पुन्हा दोन तळव्यांत धरला.

"दाराशी मी म्हटलं, 'येतो रे, नंदू.' आपण जातो असं कुठे म्हणतो?"

"आणि हे काय म्हणाले?"

"म्हणाला, 'ये.'"

घरोघरी रोज चालतं हे. जाणारा येतो म्हणतो, राहणारा ये म्हणतो, दार लागतं, कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पण ह्यांनी ते खरं धरलं असणार. छातीत पाणी घेऊन वाट बघत राहिले असणार. एक दिवस, दोन दिवस, देव जाणे. त्या मेल्या विद्याधरच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला, आणि त्याची ती तुटकी बोटं हातात घेऊन रडावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. तशीच उठून घरी आले.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "सांगितली का गं तिथी?"

"तिथी कुणालाच ठाऊक नाही, आई. अमावास्या धरायला सांगू."

"शेवटचं काही बोलला का माझा नंदू?"

"'ये' म्हणाले," मी म्हटलं. कुणाला म्हणाले ते सांगायला तोंड उघडलं, तोवर म्हातारीचा चेहरा उजळला होता.

"बघ! लहानपणी ताप चढला की हेच. पाणी नको, औषध नको, नुसतं 'आई, ये, आई, ये.'" सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि दाराकडे चालू लागल्या. "आले रे बाळा, आले."

अमावास्येला पुतळा जाळला. मी कुंकू पुसलं. आळीचं समाधान झालं. पण सासूबाई अजून जेवता जेवता ताटावरून उठतात, "आले रे" म्हणतात आणि दार उघडायला जातात. मी त्यांना धरून परत पाटावर बसवते. हे तुम्हाला बोलावत नव्हते, असं कितीदा जिभेवर येतं, पण सांगवत नाही. ते सांगितलं तर कुणाची वाट बघत होते तेही सांगावं लागेल, आणि तो आलाच नाही, हेही.