वर्षालीचं वजन आन् कापसाचा काटा

गिरडच्या बाबाची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं त माह्या जिभेले फोड येवो!

देवळीची वर्षाली वर्ध्याले कॉलेजात शिकते, हॉस्टेलात राह्यते. पोळ्याले घरी आली त मायनं, मनकर्णाबाईनं, तिले अंगणातल्या कापसाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो.

"दिवाळीले यातून एक किलो जरी उतरली, त हॉस्टेल बंद! घरचं खाजो न् रोज एस्टीनं जाजो."

हॉस्टेल सोडाचं म्हटलं की वर्षालीचा जीव जाये. मंग काय, पोरगी खायाले भिडली. मेसच्या पोळ्या, वरून तर्री-पोहे, खोलीतल्या रूपालीच्या घरून आलेले लाडूबी. तिले येतानी पाह्यलं का मेसवाला कणकीचं टोपलं झाकून टाके. कुर्ते काखेत उसवले.

"वर्षे, पलंग कुरकुरून राह्यला वं माय!" रूपाली हासे.

दिवाळीले वर्षाली ऐटीत घरी गेली. अंगणात बायांची वेचणी मोजणं चालू होतं. कापूस उतरवला, पोरगी काट्यावर चढली. छेचाळीस!

"म्या म्हटलं नव्हतं?"

"अवं माय, कुर्ता पाह्य नं, अंगात जात नाई!"

"धुवून आटला असंल. काटा काऊन खोटं बोलंल?"

वर्षालीले काईच सुधरेना. गाल फुगले न् वजन उतरलं? खाल्लेलं गेलं कुठं? ती खाली उतरली, त रिकाम्या काट्यावर मायनस पाच!

"बाबा, हे काय?"

अण्णाजी बोलले, "कापूस लोखंडी टोपल्यात मोजतो नं. टोपल्याचे पाच किलो आधीच कापून ठेवले."

"म्हंजे मी एक्कावन!" वर्षाली नाचाले लागली.

"थांब," माय बोलली. "पोळ्याले घरची तूर मोजली होती, ते टोपल्यात का पोत्यात?"

अण्णाजीनं डोकं खाजवलं. "आता हे कोणाच्या ध्यानात राह्यते?"

"टोपल्याचं वजन कापून असंल त पोरगी तवा त्रेपन होती. मंग दोन उतरली! का कापलं नसंल, त तीन चढली?"

तिघंबी काट्याकडे पाहून राह्यले. शेवटी मायनं पोरीचा दंड चिमटीत धरून पाह्यला, मंग सोताचा. "जाय बाप्पा हॉस्टेलले."

आता शपथ घेतली हाय, त सांगाच लागते. माय 'जाय' बोललीच नाई, ते म्या घातलं. माय बोटावर हिशोबच करून राह्यली होती, तवरिक पोरीनं थैली उचलली न् वर्ध्याची एस्टी धरली.