बाभळीवरचा कापूस

हट्टाला दोन पाय फुटले असते तर तो आमच्या धर्मपालसारखा दिसला असता. धर्मपाल म्हणजे माझे मालक. एकतीस वर्षं त्यांनी हिवताप खात्यात नोकरी केली आणि ती सगळी सायकलवर. गावोगाव जायचं, तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दाराशेजारी गेरूनं तारीख लिहायची की पुढचं घर. त्यांची घंटी ऐकली की पोरं कोठीमागं लपायची. नावानं त्यांना कुणी ओळखत नसे, सगळे ‘सुईवाला’ म्हणत.

नेरच्या आसपासचा एकही रस्ता त्यांच्या चाकाखालून सुटला नव्हता. कुठं चढ, कुठं उतार, कोणत्या वळणावर रेती साचते, सगळं पाठ. घरातलं मीठ कोणत्या डब्यात आहे ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

निवृत्त झाले आणि दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. माणूस समोर आला की नुसती सावली दिसायची. ती सालं कापसानं आमच्या जिल्ह्याला रडवल्याची होती. जीपमधून पाहुणे यायचे, कुणाच्या घरचं कोण गेलं एवढंच विचारायचे आणि चहा न घेता निघून जायचे. गावात मोठ्यानं हसणंसुद्धा बंद झालं होतं. तरी ज्यांचं खरोखर गेलं होतं त्या बाया सकाळी उठून कापूस वेचायला जात होत्या, आणि आमचे हे दिवसभर ओट्यावर बसून भिंतीला पाठ घासत होते. मला याचा फार राग यायचा. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, आमचा आंधळा एकही मागत नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणखी वर्षभर असंच बसू दिलंत तर पुढं ऑपरेशन करूनही उपयोग होईल याची खात्री नाही. जानेवारीत नेरला डोळ्यांचं शिबिर लागणार होतं, एकाच दिवसाचं. बारा वाजेपर्यंत जो तपासून घेईल त्याचंच ऑपरेशन.

“मले डोळे कायले पाहिजेत?” ते म्हणाले. “सारे रस्ते डोक्यात आहेत माह्या.”

खरं कारण मला ठाऊक होतं. फुलचंद त्यांच्याच खात्यातला, त्यांचा जिवाभावाचा सोबती. त्यानं ऑपरेशन करून घेतलं, चौथ्या दिवशी पट्टी काढून कडबा तोडायला गेला आणि डोळा गमावून बसला. चूक फुलचंदची होती, पण भीती आमच्या घरी राहायला आली. आणि माझे मालक मेले तरी ‘भेतो’ म्हणणार नाहीत.

मग मी त्यांच्या हट्टालाच हात घातला.

“असं? सारे रस्ते पाठ आहेत? मंग लावा पैज. सायकल मी चालवीन, तुम्ही मांगं बसा आन् नेरपर्यंत रस्ता सांगा. मी आपल्या मनानं एक शब्द सांगनार नाही. एका जागी बी चुकले तर गुपचूप शिबिरात चालाचं. नाही चुकले तर जिलेबी खाऊ आन् वापस.”

ते पुष्कळ दिवसांनी हसले. “जिलेबीचे पैसे तूच देजो.”

आमचं गाव नेरहून चौदा किलोमीटर. सायकल आमच्या लेकीची, प्रियंकाची, ती लग्न होऊन महागावला गेल्यापासून मीच तिच्यावर अंगणवाडीत जायची. पण रोजचे तीन किलोमीटर आणि मागं नवरा बसवून चौदा, यात फरक आहे. त्यांच्या अंगावर नोकरीनं मांस ठेवलं नव्हतं, एवढंच माझं नशीब. सकाळी सातला निघालो तेव्हा शेजारची नंदाबाई कुंपणावरून म्हणाली, “अवं कौसल्ये, बुढ्याले कुठी नेऊन राह्यली?”

“बाजारात इकायले,” मी म्हटलं.

थंडी चांगलीच होती. विहार मागं पडला तशी मागून आवाज आला, “आता नाल्यावरचा रपटा येईन. पानी नसते या दिवसांत, पन मधात खड्डा आहे. डाव्या अंगानं घे.” खड्डा होता. मी डाव्या अंगानं घेतलं.

“आता तीन चढ. पहिल्याले उतरू नको. दुसऱ्याले उतर, नाही तर गुडघे जातील. तिसरा दिसाले मोठा आहे, पन पोकळ आहे.”

चढ पोकळ असतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. दुसऱ्याला आम्ही दोघं उतरून चाललो. तिसरा समोर भिंतीसारखा उभा दिसला आणि दहा पायडलात संपला. मी मनात म्हटलं, बाई, ही पैज तू हरतेस.

पुढं जंगल लागलं. सागाची वाळली पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. बोरांचा वास येत होता. एकाएकी ते म्हणाले, “थांब. रोही आहेत.” मला काहीच दिसेना. पाय टेकवून उभी राहिले. थोड्या वेळानं तीन नीलगायी झाडीतून निघाल्या, आमच्याकडं पाहत रस्ता ओलांडून गेल्या.

“किती होत्या?”

“तीन.”

“एक गाभन असन. जड पाय वाजला तिचा.”

तांड्याजवळ मानीबाई डोक्यावर लाकडं घेऊन येत होती. तिनं ‘सुईवाला भाऊ’ म्हणून हाक मारली तर यांनी आवाजावरून तिला ओळखलं, वर तिच्या तिन्ही पोरांची नावं घेऊन खुशाली विचारली. तिनं ओच्यातली बोरं माझ्या पिशवीत ओतली. तांड्यापुढच्या पळसाखाली आलो तेव्हा ते म्हणाले, “इथं एकदा मलेच ताप भरला होता. सायकल उभी केली, सोताच्या बोटाले सुई टोचली, पट्टीवर सोताचं नाव लिहिलं आन् झोपलो. उठलो तं सांज झालती.”

“हे मले कधी सांगतलं नाही.”

“तू घाबरली असती.”

त्या दीड तासात ते जेवढं बोलले तेवढं मागच्या दोन वर्षांत बोलले नव्हते. माझा जुना नवरा मागच्या कॅरिअरवर परत आला होता. आणि खरं सांगते, माझ्या मनात येऊ लागलं की यांनी पैज जिंकावी. डोळे जावोत, पण हा माणूस असाच बोलता राहावा. एवढी मी खुळी झाले होते.

जंगल संपताना आणखी एक चढ लागला. ते म्हणाले, “उतर.” मला आता जोर आला होता, मी उतरले नाही. अर्ध्यात छाती भरून आली. तरी तोंड मिटून रेटत राहिले, कारण माघार घ्यायची सवय आमच्या घरात दोघांनाही नाही. वर पोचले तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मागून आवाज नव्हता.

“काहून गप्प झाले?”

“काही नाही. चाल.”

मग फाटा आला. डावा रस्ता दारव्ह्याकडं जातो, उजवा नेरला.

इथं एक सांगायला पाहिजे. हंगामात कापसाच्या गाड्या उंच भरून बाजाराला निघतात आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळी त्यातला आपला वाटा काट्यांनी ओढून घेतात. ज्या रस्त्याच्या बाभळी पांढऱ्या तो बाजाराचा रस्ता. खात्यात नवा माणूस आला की आमचे हे त्याला शिकवायचे, फाट्यावर गोंधळलास तर कापूस पाहा आणि नेरला पोच. पण त्या वर्षी दारव्ह्याच्या रस्त्यावरचा एक जिनिंगवाला जरा बरा भाव देत होता. आमच्या भागातल्या सगळ्या गाड्या तिकडं वळल्या होत्या. डाव्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या आणि उजव्या कोऱ्या.

“फाटा आला ना?” ते म्हणाले. “बाभळीले कापूस कोन्या अंगाले आहे?”

मी दोन्हीकडं पाहून घेतलं. “डाव्या.”

“मंग डावीकडं घे.”

मी खोटं बोलले नव्हते. त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं होतं, आणि आपल्या मनानं काही सांगायचं नाही हे ठरलेलंच होतं. तरीसुद्धा आंधळ्या माणसाला आडरानात सोडावं तसं मला वाटलं. त्यांचे डोळे वाचावेत म्हणून मी सायकल डावीकडं वळवली आणि एक किलोमीटरभर रडत पायडल मारलं.

“थांब,” ते म्हणाले. खाली उतरले, हात पुढं करत कडेच्या बाभळीपर्यंत गेले, काट्यातला कापूस काढून बोटांत चोळला. “हा नेरचा रस्ता नाही.”

“नाही.”

“म्हंजे मी हरलो.”

“हाव.”

“मंग रडते कायले? जितली ना तू?” त्यांनी तो कापूस शर्टाच्या खिशात टाकला. “वापस जायची गरज नाही. पुढच्या मोरीपासून पायवाट आहे, जंगलातून नेरच्या रस्त्यावर निघते. साडेदहापर्यंत पोचतो.”

मला तिथं पायवाट दिसली नाही, नुसती तरोट्याची वाळली झुडपं. पण ते कॅरिअरला हात लावून मागून चालत होते आणि ‘आता उजवा’, ‘आता खाली वाक’ सांगत होते, आणि आम्ही निघालो. शिबिराच्या मांडवात पोचलो तेव्हा दहा पंचवीस झाले होते.

तपासणी झाली. नाव पुकारायच्या आधी त्यांनी माझा हात धरला. चारचौघांत, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

“फुलचंदसारखं झालं तं?”

“मंग सायकल मी चालवीन आन् रस्ता तुम्ही सांगा. आज आलोच ना?”

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. महिनाभर मी त्यांना घागरसुद्धा उचलू दिली नाही. दर चार तासांनी थेंब टाकायचे, आणि प्रत्येक थेंबाबरोबर मला तो फाटा आठवायचा. ज्या माणसानं रस्त्यावर भरवसा ठेवून आयुष्य काढलं त्याला मी रस्त्यावरच फसवलं, हे मनातून जाईना.

मार्चअखेर डॉक्टरांनी सायकलची परवानगी दिली. चष्मा आणायला नेरला जायचं होतं. या खेपेला ते पुढं आणि मी मागं. जंगलात पळस पेटला होता. ते दर दहा पायडलांनी मान वळवून काही ना काही दाखवत होते, आणि मी ‘समोर पाहा’ म्हणून ओरडत होते.

फाट्यावर त्यांनी सायकल थांबवली. डाव्या बाभळींवर मळका कापूस अजून लोंबत होता. माझ्यानं राहवलं नाही.

“मले मालूम होतं,” मी म्हटलं. “त्या दिवशी. गाड्या दारव्ह्याकडं जात होत्या, ते मले मालूम होतं. म्या सांगतलं नाही.”

ते हसायला लागले. “अवं, मी दिवसभर ओट्यावर बसत होतो. दिसत नव्हतं, ऐकू तं येत होतं. साऱ्या गाड्या कुठी जातात ते आपल्या गावातल्या कुत्र्यालेही मालूम होतं.”

“मंग विचारलं कायले?”

“हराले.”

मी कॅरिअरवरून खाली उतरले.

“त्या मांगच्या चढावर तुह्या छातीचा भाता ऐकला,” ते म्हणाले. आता हसत नव्हते. “मले वाटे, चढ पाठ आहे म्हंजे झालं. पन मी कॅरिअरवर बसून चढ सांगून राह्यलो आन् चढून तू राह्यली. असा पाठ असून काय कामाचा?”

“मंग सरळ हाव म्हनाचं ना.”

“कधी म्हटलं का आजपर्यंत?”

हे मात्र खरं होतं. मला रडू आलं आणि रागही आला. दोन महिने मी उगाच जीव जाळला होता.

“बस,” ते म्हणाले.

फाट्यानंतर नेरच्या बाजूला जो चढ आहे, तिथं एस.टी.सुद्धा घरघर करते. मी म्हटलं, उतरते.

“बसून राह्य. पोकळ आहे हा.”

तो चढ काही पोकळ नव्हता. मी मागं बसून वरपर्यंत त्यांचा श्वास ऐकत होते, आणि एक शब्द बोलले नाही.