मलमलीतून गाळलेली मूस

शालिकराम कुंभाराचा फायदा असा होता: इतवारी बाजारातल्या गुलाबचंद सोनाराला सोनं वितळवायची मूस पसंत पडली, की त्याच्या ओळीतल्या सोनारांच्या बाराही दुकानांत त्याच्याच मुशी. डोक्यावर मडकी घेऊन हिंडणं कायमचं बंद. एकाहत्तर सालात कुंभाराने आणखी काय मागावं?

अट एकच. "तुही मूस म्हशीच्या पाठीवानी खरबरीत हाय गा," गुलाबचंद म्हणाला होता. "खाचाखाचांत सोनं चिकटून राहते. गुळगुळीत पायजे."

शालिकरामने माती मलमलीतून गाळली. बायको चंद्रकला मातीत नेहमी फुटक्या मडक्यांच्या खापरीचा जाड चुरा मिसळायची. तो त्याने बाजूला सारला.

"अजी, चुरा टाका," ती म्हणाली. "नुस्ती बारीक माती वाळताना लय आकसते, अन् एकदम आच लागली का तडकते. जाड कण असले त चीर तिथंच अडते."

"तुले सोनाराचं काय समजते वं?"

"सोनाराचं नाही. मातीचं समजते."

नव्या मुशीच्या परीक्षेला गुलाबचंदने स्वतःचं सोनं थोडंच घातलं! अरुंधतीबाई सासूच्या पाटल्या मोडून गोफ करायला आल्या होत्या. रिवाजाप्रमाणे शेगडीसमोर बसल्या, नजर मुशीवर. सोनाराचा हात आणि गिऱ्हाइकाचा डोळा, दोन्ही तिथेच.

भाता चालू झाला. मूस लाल झाली, पाटल्यांच्या कडा खचल्या. तेवढ्यात मुशीच्या मागच्या अंगावर केसाएवढी रेघ उमटली. ती फक्त शेगडीमागे उभ्या शालिकरामला दिसली. आत्ता बोलावं, तर सोनं वाचेल आणि बारा दुकानं जातील.

'धरंल,' त्याने मनाशी म्हटलं.

"काहून गा, गप काहून?" गुलाबचंदने विचारलं.

"काई नाही, शेठ. मारा भाता."

टक्‌! मूस उभी चिरली आणि पाटल्या निखाऱ्यांत वाहून गेल्या.

अरुंधतीबाई जागच्या हलल्या नाहीत. "मला माझं वजन पूर्ण हवं. राखेचं तुमचं तुम्ही बघा."

राख धुऊन त्यातलं सोनं काढलं. तीन गुंजा कमी भरलं. गुलाबचंदने पदरचं घातलं आणि त्याबद्दल शालिकरामकडे वर्षभराच्या मुशी फुकट मागितल्या. त्या चंद्रकलेने केल्या: अंग जाड चुऱ्याचं, आतून बारीक मातीचा पातळ हात. ना तडकल्या, ना सोनं धरलं.

तर हिशेब असा. अरुंधतीबाईंचं काही गेलं नाही. गुलाबचंदच्या तीन गुंजा केव्हाच वसूल झाल्या, वर चांगल्या मुशी मिळाल्या. शालिकरामला इतवारीत चार टोमणे खावे लागले. आणि वर्षभर खापरी कुटली चंद्रकलेने.