निलंग्याच्या गाडीत पडलेली दस्ती

“पप्पा, मी लातूरला रोज अप-डाऊन करू का?”

हा प्रश्न घरी विचारून दाखव, अशी पैज मंजुषा आणि शिवानी या मैत्रिणींनी धम्मप्रियाशी लावली होती. आणि तिनं खरंच विचारला! वरण-भात कालवणारा पप्पांचा हात थांबला. अकरावीसाठी त्यांनी लातूरचं हॉस्टेल बघूनही ठेवलं होतं. तिथल्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या हॉस्टेलची भिंत दिसायची. बस, एवढंच दिसायचं.

“सोमवारी साडेसातच्या गाडीनं एकटी जा. डेमो क्लास करून ये,” पप्पा शेवटी म्हणाले. “बसायला जागा मिळवलीस तर अप-डाऊन. न्हाई तर हॉस्टेल.”

आणि त्यांनी स्कूटरच्या डिक्कीतून मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मी एक जुनी दस्ती आहे. पुस्तकात मला रुमाल म्हणतात. मी निळ्या चौकड्यांची. धम्मप्रियाच्या मम्मीनं, लुंबिनीताईंनी, मला औशाच्या बाजारातून आणलं, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं ‘आ’ काढला आणि आनंदराजच्या, म्हणजे पप्पांच्या, खिशात घातलं.

आमचं शहर तळ्याकाठचं. सोमवार ते शनिवार आमचं शहर लातूरला नोकरीला जातं आणि रविवारी लातूर आमच्याकडं बोटीत बसायला येतं. अकरा वर्षं मी पप्पांची जागा धरली. गाडी स्टँडात शिरली, की ते खिडकीतून मला आत फेकायचे. मी सीटवर पडले, की ती जागा त्यांची. माणसं धक्काबुक्की करायची, पण मला उचलून कुणी बसायचं नाही. “आनंदराजची दस्ती हाय, सरका!” काय ऐट होती माझी!

मग त्यांची बदली चाकूरला झाली. ते स्कूटरनं जाऊ लागले आणि मी स्कूटरची सीट पुसू लागले. ग्रीसचे डाग पडले. महिनोन् महिने साबण दिसला नाही.

रविवारी धम्मप्रियानं मला खसाखसा धुतलं. वाळल्यावर अंगणातून स्वयंपाकघराच्या खिडकीत फेकायचा सराव सुरू!

“अगं, भाजीत पडली की दस्ती! काय करून राहिलीस?” मम्मी ओरडली.

“नेम धरून राहिले, मम्मी!”

सोमवारी स्टँडवर ही गर्दी! रविवारी मुक्कामाला राहिलेले पाहुणेही परत निघालेले. एक गाडी आत वळली. धम्मप्रिया धावली, उडी मारली आणि मला फेकलं. मी बरोब्बर खिडकीजवळच्या सीटवर! असा नेम तिच्या पप्पांचासुद्धा नव्हता.

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, “चला निलंगा, निलंगा!”

खिडकी कशी गाठायची, ते पप्पांनी तासभर शिकवलं होतं. गाडीची पाटी आधी वाच, हे सांगायचं मात्र राहून गेलं. बाहेर दुसरी गाडी लागली होती. तिच्या दारातल्या रेटारेटीत धम्मप्रियाची वेणी दिसली आणि दिसेनाशी झाली. ती लातूरला आणि मी निलंग्याला!

आमची गाडी भरली, तरी माझ्या सीटवर कुणी बसेना. गाठोडं घेतलेली नागम्मा नावाची एक म्हातारी शेजारी उभी होती. कंडक्टर संगमेशनं विचारलं, “कुणाची हाय ही दस्ती?” मग तोच म्हणाला, “बसा आज्जी. दस्तीवाला आला तर मी बघून घेतो.”

अनोळखी माणसासाठी मी पहिल्यांदाच जागा धरली होती. बरं वाटलं. पण जीव सगळा पोरीकडं. उभी असेल का? रडत असेल का? माझ्यापायी आता तिच्या नशिबी ती हॉस्टेलची भिंत!

संध्याकाळी आमची गाडी परत स्टँडात आली. संगमेश मला हातात धरून ओरडत होता, “दस्ती कुणाची, दस्ती?” शेजारी लातूरची गाडी थांबली. केस विस्कटलेली एक पोरगी उतरली.

“माझी! कोपऱ्यात ‘आ’ हाय बघा, काका!”

तिच्या मुठीत गेले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मंजुषा आणि शिवानी स्टँडवरच थांबल्या होत्या. सगळं ऐकून मंजुषा म्हणाली, “येडी हायस का? जागा मिळाली म्हणून सांग. दस्ती तर हातात हाय.” धम्मप्रिया तळ्याकाठानं चालत राहिली. बोटी दोरीला बांधल्या होत्या, पाणी लाल झालं होतं. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू पुसण्याबिसण्याला लागली असेल. एकदा धुऊन तर बघा तिला!

मम्मी दारातच उभी होती. “आलीस गं बाई!” म्हणत तिनं लेकीला जवळ ओढलं. पप्पांनी विचारलं, “जागा मिळाली?”

धम्मप्रियानं मला नीट घडी घातली.

“न्हाई मिळाली. दस्ती चुकून निलंग्याच्या गाडीत फेकली. जाताना उभी, येताना उभी. पाय लई दुखून राहिलेत. पण गेले, क्लास केला अन् आले. पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. मी अप-डाऊनच करणार, उभं राहावं लागलं तरी. अन् ही दस्ती आता माझी. स्कूटर पुसायला दुसरं फडकं बघा!”