काका गप्प बसले तेव्हा

काकांची बोलणी मला आजही पाठ आहेत. त्यातली काही इतकी फर्मास होती, की राग यायच्या आधी कौतुकच वाटायचं.

"खोगीर चढवतेस की उशीला अभ्रा?" हे रोजचं. "अगं काडी, घोडी तुला शिकवतेय, तू तिला नाही!" हे जरा खुशीत असले की. मी लुकडी होते, म्हणून काडी.

वडील गेले आणि तबेला काकांच्या हातात आला. त्यांच्या मते माझी जागा आत्याच्या शिवणाच्या दुकानात होती, काजं करत. मला मात्र घोडेच घडवायचे होते. मी हटून बसले, तेव्हा काका आईसमोर म्हणाले, "कोऱ्या घोड्यांच्या स्पर्धेत उतर. भुरीला घे. सगळ्यांदेखत तिच्यावर बसून रिंगणाला एक फेरी मारलीस तर राहा तबेल्यात. नाहीतर बॅग भर."

या स्पर्धेत पाठीवर कधीच कोणी न बसलेलं कोवळं जनावर घ्यायचं, हिवाळाभर शिकवायचं आणि मग लोकांपुढे चालवून दाखवायचं. चाबूक वापरायचा नाही. भुरी आमच्याकडची सगळ्यात भेदरट. बादलीतल्या पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं तरी उधळायची. काकांनी तीच का निवडली, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

रोज सकाळी मी तिला दोरीवर गोल फिरवायचे आणि काका चहा घेऊन कुंपणाला रेलायचे. चहा संपायचा, तोंड चालूच राहायचं.

"दोरी धर, वाळत घालू नकोस! बापाने घोडे घडवले, ही मेंढ्या घडवणार!"

मी दोरी सरळ करायचे. तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. घरी आईला म्हणायचे, "त्यांचंच खरं असेल गं. मला नाही येत."

"नसेल येत," आई भांडी आदळत म्हणायची. "पण ती घोडी मान टाकते ती तुझ्या खांद्यावर. काकांच्या नाही."

स्पर्धेच्या दिवशी काका इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. दुसऱ्या तबेलेवाल्यांशी गोड गोड बोलत होते. माझी पाळी आली तशी सगळी गर्दी चिडीचूप झाली. घोडं बिथरू नये म्हणून तिथे तशी रीतच होती. काकाही हाताची घडी घालून गप्प.

आणि भुरी बिथरली. अंगाला घाम, नाकपुड्या फुललेल्या. खोगीर पाठीवर ठेवलं, तिने झटकून मातीत पाडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पाडलं. परीक्षक म्हणाले, "आणखी एकदा बघा. नाहीतर बाहेर न्या."

मला समोर नुसती काजं दिसायला लागली. काका सबंध हिवाळा बरोबरच बोलत होते, असं वाटलं. मग माझं लक्ष भुरीच्या कानांकडे गेलं. ते एकसारखे फिरत होते, काहीतरी शोधत होते. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ही घोडी शांततेत कधी शिकलीच नव्हती. काका ओरडताहेत म्हणजे सगळं ठीक चाललंय, एवढंच तिला ठाऊक होतं.

मी तिला काकांसमोर नेऊन उभी केली.

"काका, बोला काहीतरी."

"तमाशा करू नकोस," ते दातओठ खात पुटपुटले.

गोडीने हे जमणार नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा सांगायचे, काकांना खोगीर कधी धड कसताच आलं नाही."

शेजारचा तबेलेवाला फिसकन हसला. झालं!

"तुझ्या बापाला कसायला शिकवलं कोणी? मी! कार्टे, आधी पट्टा बघ! उशीला अभ्रा घालतेस काय?"

भुरीने लांब श्वास सोडला, मान खाली घातली. मी खोगीर घातलं, पट्टा कसला, रिकिबीत पाय टाकला आणि वर बसले. मागून काकांची सरबत्ती चालूच. पाठ सरळ ठेव, टाच खाली, पोतं आहेस का! लोक त्यांना गप्प करत होते, ते ऐकत नव्हते. भुरी मात्र शहाण्यासारखी पूर्ण फेरी चालली.

आरडाओरड्याबद्दल गुण कापले गेले. माझा नंबर शेवटचा आला.

"शेवटची आली," काका घरी म्हणाले.

"फेरी झाली," आई म्हणाली.

काकांना शब्द फिरवता आला नाही. पण आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं होतं. दुसऱ्या सकाळी चहा घेऊन कुंपणापाशी आले आणि तोंड घट्ट मिटून उभे राहिले. भुरी जागची हलेना. मी वाट पाहिली. ते माझ्याकडे बघत सावकाश चहा पीत होते.

शेवटी मीच घसा खाकरला. "काय गं, चालतेस की वाळत घालू?"

भुरीचे कान वळले. एक पाय पुढे पडला, मग दुसरा.

काकांनी कपातला उरलेला चहा मातीत ओतला.

"जोर नाही त्यात," ते म्हणाले आणि निघून गेले.