नावाचं कडवं

चाकणच्या ट्रॅफिकचे माझ्यावर उपकार आहेत असं मी कुठं बोलले तर लोक मला वेड्यात काढतील. पण आहेत. निगडीहून कंपनीत पोचायला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या तिप्पट लागतो, आणि तो सगळा वेळ मी निरंजन सरांच्या गाडीत बसून अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी गाणी ऐकली. सर आमचे डिझाइनचे हेड, राहायला प्राधिकरणात, स्वतःचा बंगला. मी क्वालिटीत. एकदा बस चुकली म्हणून त्यांनी लिफ्ट दिली, आणि मग ते रोजचंच झालं.

या गाण्यांना सोल म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. पहिल्या दिवशी वाटलं, काय हे केकाटणं. तळवड्याच्या चौकात पुढं कंटेनर आडवा झालेला, गाडी जागची हलेना, आणि स्पीकरवर एक बाई गात होती. गाता गाता तिनं आवाज फाडला. फाटला नाही, फाडला. आणि तिची ओळ मागच्या बायकांनी अश्शी उचलली की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण ते ओळ उचलायचं काम मी लहानपणापासून केलंय.

माझ्या वडिलांची गायन पार्टी होती. आप्पा म्हणजे सयाजी ओव्हाळ, मूळचे चऱ्होलीचे. दिवसा फाउंड्रीत भट्टीपुढं, आणि भीमजयंती असो, बारसं असो, कुणाच्या मयतानंतरचं पुण्यानुमोदन असो, सुट्टीच्या दिवशी पेटीपुढं. ढोलकीला इब्राहिमचाचा, त्यांचं चिंचवडला गॅरेज. मी आणि माझी आत्या मागं कोरसला. आप्पांनी ओळ टाकायची, आम्ही झेलायची. त्या बाईचं इंग्रजी मला निम्मंसुद्धा कळलं नाही, पण तिच्या मागं उभं राहून मी डोळे मिटून कोरस दिला असता. सर म्हणाले, ही चर्चमध्ये गायला शिकली. म्हटलं, असणारच. आमच्याकडं विहारात शिकतात.

सरांना या गाण्यांतलं सगळं पाठ. बास कुणी वाजवला, ऑर्गनवर कोण होतं, मागं गाणाऱ्या तिघी बहिणी होत्या की मैत्रिणी. रेकॉर्ड कंपन्यांनी या वादकांची नावंच कव्हरवर छापली नाहीत, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "ज्यांनी गाणं घडवलं त्यांचं नाव नाही, रुपाली. याला दरोडा म्हणतात." मला हा माणूस आवडायचा. खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी आप्पांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. आप्पा घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "माजं गाणं तेवढं भरून घ्या."

माझं गाणं म्हणजे कुठलं, हे घरात कुणाला विचारावं लागलं नाही. आयुष्यभर आप्पा दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी गायले. आमच्यात रीत अशी की शेवटच्या कडव्यात ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव येतं, आणि ते म्हटल्याशिवाय गाणं खाली ठेवायचं नाही. कोरसनं ते कडवं म्हणायचं नाही, गायकानं एकट्यानं म्हणायचं. कुणी नाव गाळलं तर भर मंडपात त्याचा माइक काढून घेतलेला मी पाहिलाय. आप्पांनी स्वतः रचलेलं गाणं एकच, भट्टीचं. आणि ते दोन वर्षांपूर्वी एका पोरानं यूट्यूबवर टाकलं, झगमग कोट घालून, मागं ड्रोन उडवून. सगळं गाणं जसंच्या तसं. शेवटच्या कडव्यात फक्त सयाजीच्या जागी स्वतःचं नाव घातलं. लाखो लोकांनी ऐकलं. आप्पा तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत, बस.

आमच्याकडं पुरावा काय, तर जयंतीचे व्हिडिओ. त्यात शेजारच्या डीजेपुढं आप्पांचं एक अक्षर ऐकू येत नाही.

मी सरांना गाडीत सगळं सांगितलं. नाव चोरलं तेही सांगितलं. सर हळहळले. म्हणाले, माझ्याकडं घेऊन ये, वरच्या खोलीत मी जुनं टेप मशिन बसवलंय. मी म्हटलं, फोनवर भरलं तरी चालेल, सर. तर दुखावलेच. "असा आवाज आणि फोनवर? अगं, पाप आहे ते. टेपवर घेऊ. त्या लोकांसारखं, सगळे एका खोलीत, एकदाच. नंतर कापाकापी नाही, जोडाजोडी नाही."

रविवारी सकाळी आप्पा, चाचा आणि मी गेलो. सरांनी आमचे फोन बंद करून खाली हॉलमध्ये ठेवायला लावले, मशिनमध्ये खरखर येते म्हणून. आप्पांना कोचावर बसवलं, पाणी दिलं. मग जरा चाचरत म्हणाले, "काका, जयंतीसारखं जोरात नको हं. आतून येऊ द्या. भावना महत्त्वाची."

"गानं जसं हाय तसंच म्हननार," आप्पा म्हणाले. चाचा खाली मान घालून ढोलकीच्या कड्या आवळत बसले.

आणि काय गायले आप्पा! घशात गाठ घेऊन माणूस असा गातो? पहिलं कडवं घोगरंच निघालं, दुसऱ्याला आवाज तापला, तिसऱ्याला त्यांनी तो फाडला. तळवड्याच्या चौकात ऐकलेल्या त्या बाईची मला आठवण झाली. मी ध्रुपद झेललं, परत झेललं. सर कानाला हेडफोन लावून बसलेले, डोळ्यांतनं पाणी, आणि हात मशिनच्या पट्टीवर. ती पट्टी ते हळूहळू खाली ओढत होते. मला वाटलं, काहीतरी बारीकसारीक जुळवत असतील. मला त्यातलं काय कळतंय? मी गप्प झाले, कारण पुढचं कडवं आप्पांचं एकट्याचं होतं.

"भट्टीम्होरं उभा राहून लोखंडाचं पाणी केलं,
सयाजी म्हने भीमराया, मानसाचं जिनं दिलं."

ढोलकी थांबली. आप्पांनी तोंडाला रुमाल लावला. रुमालाला रक्त लागलं होतं. पुन्हा म्हणायचं कुणी नावही काढलं नाही. खाली उतरताना आप्पा चाचांना म्हणाले, "झालं गड्या. आता कापा म्हनावं." हसत होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथनं. मी सरांकडं टेप मागत होते, ते म्हणत होते, थांब, छान सरप्राइज देतो. मग एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. त्यांचे चारपाच मित्र होते, वाइन होती, शेंगदाणे होते. आधी दोन अमेरिकन रेकॉर्ड लावल्या, त्यांचा इतिहास सांगितला. मग आप्पांचं गाणं लावलं.

मशिन भारीच होतं, त्याला नाव ठेवणार नाही. आप्पा समोर बसून गातायत असं वाटत होतं. आप्पा स्वतःचा आवाज ऐकत मान हलवत होते. तिसरं कडवं झालं, ध्रुपद आलं, परत आलं, आणि आवाज लहान व्हायला लागला. लहान होत होत गेलाच. टेप नुसतीच फिरत राहिली. मित्रमंडळी म्हणाली, वा. कुणीतरी डोळे पुसले.

चाचांनी विचारलं, "पुढचं कुठाय?"

"पुढचं?" सर हसले. "फेड केलंय, चाचा. सोलमध्ये गाणं असं ठप्पकन संपवत नाहीत. विरत नेतात. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, हा आवाज कुठंतरी अजून चालूच आहे." हे ते आप्पांकडं बघून म्हणाले. गळ्याला भोक पडलेल्या माणसाकडं बघून.

मी म्हटलं, "सर, टेपवर असेल ना ते? पुढचं कडवं?"

"नाही गं, मी गातानाच फेड केलं. हातानं. तीच तर कला आहे." मग माझं तोंड बघून ते जरा सावरले. "का, काही राहिलं का?"

"नाव राहिलं, सर. ज्याच्यासाठी आलो होतो ते राहिलं. मी तुम्हाला गाडीत सांगितलं होतं."

"शब्दांकडं माझं लक्षच नव्हतं, रुपाली. मी आवाजातच हरवून गेलो होतो."

"मराठीच होते ना हो शब्द?"

एका मित्रानं शेंगदाण्यांची वाटी खाली ठेवली. सरांचा चेहरा पडला, वाईट वाटलं असणार, माणूस दुष्ट नाही. पण दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान मला नीट भांडता तरी आलं असतं. म्हणाले, "तू म्हण ना ते कडवं. मी जोडून देतो, कळणारसुद्धा नाही." मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही. कोरसनं ते म्हणायचं नसतं.

सरांनी गाणं त्याच दुपारी स्वतःच्या चॅनलवर टाकलं होतं. वर लिहिलं होतं, पारंपरिक लोकगीत. मी खडसावून सांगितल्यावर त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच बदललं, 'रचना आणि गायन: सयाजी ओव्हाळ' केलं, फोनवर तीनतीनदा सॉरी म्हणाले. सोमवारपासून मी कंपनीच्या बसनं जायला लागले.

आप्पा रोज सकाळी ओट्यावर बसून फोनवर बघायचे, खाली कुणी काय लिहिलंय. आवाजाचं कौतुक होतं, खूप होतं. मग एक दिवस एकानं लिहिलं, 'आजोबा, गाता छान, पण दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं नाव लावू नका. मूळ गाणं शेवटपर्यंत ऐका, कवीचं नाव त्यातच आहे.' खाली त्या कोटवाल्या पोराच्या गाण्याची लिंक दिली होती.

मी फोन काढून घ्यायला गेले, पण आप्पांनी माझा हात बाजूला केला आणि लिंक उघडली. सगळं ऐकलं. शेवटचं कडवं आलं तसे त्या पोराच्या आवाजाबरोबर आप्पांचे ओठ हलायला लागले, शब्दाला शब्द. नावापाशी पोरानं त्याचं नाव घेतलं आणि आप्पांनी त्यांचं. गळ्यातनं नुसती हवा आली. मग त्यांनी चष्मा काढला आणि फोन माझ्या हातात दिला.